मुलांच्या रक्तातील साखर उतरते तेव्हा



आजच्या भाषणाचा विषय डॉक्टरांचा आहे आणि मी डॉक्टर नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. तरीही हा विषय मी मागून घेतला. त्याला कारण आहे माझ्या हातून झालेली एक चूक. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना होता. अकरावीच्या वर्गाची परीक्षा चालू होती आणि मी पर्यवेक्षणाला होतो. थंडी चांगलीच होती; मुले स्वेटर घालून बसली होती. तासाभराने पाहतो तो खिडकीजवळची एक मुलगी लिहायची थांबलेली. नजर कागदावर, पण वाचत काही नव्हती. एवढ्या थंडीत कपाळावर घाम आलेला. थोड्या वेळाने तिचा हात हळूच कंपासपेटीखालच्या कागदी पुडीकडे गेला. आता आम्ही मास्तर लोक! परीक्षेत पुडी दिसली की आम्हाला चिठ्ठीच दिसते. मी झटकन पुढे झालो, पुडी उचलली आणि उघडून पाहिली. आत खडीसाखर होती. "परीक्षा द्यायला आलीस की खाऊ खायला?" असे म्हणून मी ती पुडी टेबलावर नेऊन ठेवली. वर्ग हसला. मुलगी काहीतरी बोलली, पण शब्द अडखळत, जीभ जड झाल्यासारखे. मला वाटले, उद्धटपणा करते आहे.

पाचेक मिनिटांत तिची मान बाकावर टेकली. तेव्हा शेजारची मैत्रीण उभी राहिली आणि जवळजवळ ओरडलीच, "सर, तिले शुगर हाय! तिची साखर द्या तिले लवकर!"

साखर दिली. सुदैवाने तिला गिळता येत होते. पंधरा-वीस मिनिटांत ती उठून बसली आणि मला म्हणाली, "सर, आता लिहू का?" संध्याकाळी तिचे वडील भेटले. मी म्हटले, "अहो, आम्हाला आधी सांगायचे होते." ते खाली पाहून म्हणाले, "पोरीचं लगन व्हाचं हाय ना सर, म्हून कोणाले सांगतलं नाई."

श्रोतेहो, त्या दिवशी मी माझ्या अज्ञानाने एका मुलीचे औषध काढून घेतले होते. म्हणून नंतर डॉक्टरांना विचारत गेलो, वाचत गेलो. त्यातून जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, ही साखर म्हणजे काय? आपण भाकरी खातो, भात खातो, दूध पितो; त्यापासून पोटात एक साखर तयार होते आणि ती रक्तात उतरते. तिला ग्लुकोज म्हणतात. शरीराचे हे इंधनच. बाकीचे अवयव चरबीवरही बरेच काम भागवून नेतात, पण मेंदूचे मुख्य भागते ते या साखरेवर. जेवणानंतर उरलेली साखर यकृतात साठते आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळात, रात्री झोपेत, थोडी थोडी रक्तात सोडली जाते. आपल्या घरातली कणगी समजा. मोठ्या माणसाची कणगी मोठी असते, रात्रभर सहज पुरते. लहान मुलाची कणगी लहान, आणि शरीराच्या मानाने त्याचा मेंदू मात्र मोठा. म्हणजे साठा थोडा आणि खर्च फार. म्हणून उपास मोठ्याला जितका सोसतो तितका मुलाला सोसत नाही.

निरोगी मुलाच्या शंभर मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. मधुमेही मुलात आकडा ७० च्या खाली गेला की उपाय सुरू करायचा. ५४ च्या खाली गेला तर प्रकरण गंभीर. फार कुपोषित मुलात ५४ च्या खालची साखर धोक्याची मानतात, आणि नवजात बाळात साधारण ४५ च्या खालची. तपासायला ग्लुकोमीटर नावाचे तळहाताएवढे यंत्र पुरते. बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब आणि काही सेकंद, की आकडा दिसतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे 'शुगर आहे' म्हणजे मधुमेह आहे, आणि मधुमेह्याला साखर वर्ज्य, असे पक्के बसले आहे. मग मूल चक्कर येऊन पडले तर घरचेच म्हणतात, "अरे, त्याला शुगर आहे, साखर नको देऊस!" आजारात साखर वाढते हे खरे. पण त्यावर जे इन्सुलिन टोचतात, ते साखर उतरवते. आणि टोचून झाल्यावर जेवण चुकले, खेळ जास्त झाला किंवा मात्रा जास्त पडली, तर साखर हवी त्यापेक्षा खाली जाते. त्या घडीला साखर हेच औषध. मग मूल मधुमेही असो वा नसो.

हे जगाला इन्सुलिनबरोबरच कळले. १९२२ सालच्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो शहरात लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी असे मूल फार काळ जगत नसे. पण औषध हाती आले आणि लगेच त्याचा दुसरा पैलूही दिसला. रोगी घामाघूम होत, थरथरत, बरळत. तेव्हा तिथले डॉक्टर त्यांना संत्र्याचा रस पाजत. संत्री तर आपल्या वऱ्हाडचीच. म्हणजे औषध आपल्या बागेत आहे, ते वेळेवर द्यायची माहिती तेवढी हवी.

आता साखर कोणाची उतरते? चार प्रकारची मुले ध्यानात ठेवा.

पहिले, नुकते जन्मलेले बाळ. त्यातही कमी वजनाचे, दिवस भरण्याआधी जन्मलेले, किंवा मधुमेही आईचे. अशा बाळाला घाम-बिम येईलच असे नाही. ते दूध ओढत नाही, अंग सैल टाकते, हातपाय थरथरतात, रडणे क्षीण होते, अंग गार पडते. याला अडवणारे साधन आईपाशीच आहे. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजणे, पहिले पिवळसर चिकाचे दूध न फेकणे, नंतर दिवसरात्र दोन-तीन तासांनी पाजणे आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणे. मध, गुळपाणी, घुटी यांचे बोट चाटवू नये. एक वर्षाच्या आत मध तर मुळीच नाही. त्यातून लहान बाळाला विषबाधा होऊ शकते. वर सांगितलेले लक्षण दिसले की बाळाला पाजता येत असेल तर पाजावे, उबदार गुंडाळावे आणि तडक दवाखाना गाठावा.

दुसरे, कुपोषित मूल, किंवा ताप, जुलाब, उलट्यांनी दोन दिवस काही न खाल्लेले मूल. याची कणगी आधीच रिकामी असते. कुपोषित मुलात लक्षणे फार मूक असतात. ते नुसते मलूल पडते आणि अंग गार लागते. आई म्हणते, निजले आहे. पण अशक्त मूल अवेळी निजले, हलवून नीट जागे होत नाही आणि हातपाय गार आहेत, तर ती झोप समजू नका.

या बाबतीत बिहारमधील मुजफ्फरपूरची हकीकत ऐकण्याजोगी आहे. तिथे उन्हाळ्यात, लिचीच्या हंगामात, वर्षानुवर्षे लहान मुलांना पहाटे पहाटे झटके येत आणि कित्येक दगावत. कुणी मेंदूज्वर म्हणे, कुणी उष्माघात. २०१४ साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी कसून तपास केला. त्या हंगामात दोन रुग्णालयांत ३९० मुले आली आणि त्यांतली १२२ गेली. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. लिचीत असा पदार्थ असतो, की तो शरीराला उपाशीपोटी नवी साखर तयार करू देत नाही. दिवसभर बागेत लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेल्या मुलांना धोका जास्त होता. शास्त्रज्ञांनी सांगितलेले उपाय अगदी साधे होते: मुलांनी लिची बेताने खावी, रात्री मुलाला जेवू घालूनच निजवावे, आणि आजारी मूल आले की आधी रक्तातली साखर पाहून ती भरून काढावी. २०१९ साली तिथे पुन्हा शंभरावर मुले दगावली. तेव्हा साधा उपायही घरोघरी पोचवत राहावा लागतो, हे खरे.

आपल्या वाशीम जिल्ह्यात लिची नाही. पण न जेवता झोपलेले मूल आहे. सोयाबीनची सोंगणी लागली की आई पहाटे भाकर टाकून शेतात जाते आणि दिवे लागल्यावर परतते. थकलेली असते. तोवर लहानगे पेंगून झोपते. "झोपलं तर झोपू दे," असे आपण म्हणतो. धडधाकट मुलाचे एखाद्या दिवशी निभावते. पण मूल अशक्त असेल, तापातून उठले असेल, तर त्याला उठवून दोन घास किंवा कपभर दूध पोटात घालावे. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित समजतात. अशा मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायला अंगणवाडी सेविका सांगत असतील तर टाळू नका. तिथे सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे भरवतात, ते या कणगीसाठीच.

तिसरे, इन्सुलिन घेणारे मधुमेही मूल. माझ्या वर्गातली मुलगी यातली. लहान वयातला हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही आणि संसर्गानेही होत नाही. शरीरात इन्सुलिन बनणेच बंद पडते, म्हणून ते रोज टोचावे लागते. झाडपाल्याने त्याची जागा भरत नाही. आपल्या विदर्भात, नागपूरला, डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ड्रीम ट्रस्ट ही संस्था काढली आणि गरीब घरांतल्या अशा मुलांना इन्सुलिन व शिक्षण देण्याचे काम उभे केले. घरी फ्रिज नसेल तर इन्सुलिन मातीच्या ओल्या मडक्यात थंड ठेवता येते, ही गोष्टही अशा कामातूनच खेड्यापाड्यांत पोचली. इन्सुलिन टोचले की जेवण ठरल्या वेळी झालेच पाहिजे. खेळाच्या आधी थोडे जास्तीचे खाणे हवे, कारण खेळाचा परिणाम रात्रीपर्यंत राहतो. पोहरादेवीच्या यात्रेला पायी निघालात, नवरात्रात घरात उपास आहेत, तर या मुलाला त्यातून मोकळे ठेवा. देव काही रागावत नाही!

चौथे, आजी-आजोबांची गोळी गिळलेले मूल. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की एकच गोळी लहान मुलाची साखर धोक्याइतकी उतरवते. परिणाम कित्येक तासांनी दिसतो आणि पुन्हा पुन्हा उलटतो. म्हणून गोळी पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी मूल हसत-खेळत असतानाच त्याला दवाखान्यात न्यावे. आणि गोळ्या फडताळात उंच ठेवाव्यात, उशाखाली नव्हे.

आता ओळखावे कसे? मोठ्या मुलात आधी शरीर ओरडते: घाम, थरथर, धडधड, एकाएकी कडकडून भूक, चेहरा पांढरा पडणे. त्यानंतर मेंदू उपाशी पडल्याच्या खुणा: चिडचिड, अकारण रडणे, विचारले एक तर उत्तर दुसरे, अडखळते बोलणे, झोकांड्या, डोळ्यांपुढे अंधारी, आणि शेवटी झटका किंवा बेशुद्धी. नेमक्या याच खुणांना आपण भलती नावे देतो. वर्गात आम्ही म्हणतो, नाटक करतो आहे. घरी म्हणतात, हट्टी झाले आहे. झटका आला की कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल, कुणी म्हणतो बाहेरचे आहे. त्यात जी पंधरा-वीस मिनिटे जातात, ती मेंदूची जातात.

खात्री करून घेण्याची एक जुनी कसोटी आहे. अमेरिकेतील शल्यचिकित्सक अॅलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात ती घालून दिली, आणि आजही डॉक्टर ती मानतात. एक, लक्षणे साखर उतरल्यासारखी असावीत. दोन, त्याच वेळी मोजलेली साखर कमी निघावी. तीन, साखर दिल्यावर लक्षणे जावीत. तिन्ही जुळली की निदान झाले. यंत्र जवळ नसेल तर मोजण्यासाठी खोळंबू नका. साखर उतरली असे समजून साखर द्या. साखर चुकून दिली तर त्या घडीला फारसे बिघडत नाही; द्यायची राहिली तर बिघडते. मात्र मधुमेह नसलेल्या मुलाची साखर पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर यकृताचा, ग्रंथींचा किंवा जन्मजात दोष असू शकतो. त्याला बालरोगतज्ज्ञाकडे नेऊन मुळापर्यंत तपासणी करून घ्यावी.

उपाय सांगतो, कागद-पेन्सिल असेल तर टिपून घ्या.

मूल शुद्धीवर आहे, गिळू शकते, तर पाण्यात विरघळवलेली साधी साखर द्या. पंधरा किलोपर्यंतच्या मुलाला चहाचा एक भरला चमचा, तीस किलोपर्यंत दोन सपाट चमचे, त्याहून मोठ्याला तीन ते चार. ग्लुकोजची पावडर, गुळाचे पाणी, संत्र्याचा रस हेही चालते. पेढा, बर्फी, चॉकलेट यांतले तूप साखरेला रक्तात लवकर पोचू देत नाही, म्हणून ते त्या घडीला नको. पंधरा मिनिटे थांबा. पुन्हा मोजा किंवा पाहा. बरे नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर जेवणाची वेळ लांब असेल, तर अर्धी भाकर, केळे किंवा दूध द्या. नुसत्या साखरेचा जोर थोडाच वेळ टिकतो. कुपोषित मूल मलूल असेल, पण गिळत असेल, तर सुमारे ५० मिलिलिटर, म्हणजे लहान अर्धी वाटी पाण्यात एक शीगभर चमचा साखर घालून थोडे थोडे पाजा, अंगावर पांघरूण घाला आणि दवाखान्याकडे निघा.

मूल बेशुद्ध आहे किंवा झटका चालू आहे, तर तोंडात पाणी, सरबत, दूध काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जाते आणि मूल गुदमरते. त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूची गर्दी हटवा, १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. झटका थांबला आहे, मूल बेशुद्ध आहे आणि मदत पोचायला वेळ लागणार आहे, तर साखर पाण्याच्या थेंबांनी ओलसर करून, कुशीवर असतानाच, जिभेखाली थोडी थोडी, एकूण चमचाभर ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेने हा तात्पुरता उपाय मान्य केला आहे. मधुमेही मुलाच्या घरी ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन असेल आणि डॉक्टरांनी शिकवले असेल, तर ते द्यावे. शिरेतून ग्लुकोज देणे हे मात्र दवाखान्याचेच काम. आणि मूल सावध झाले म्हणून डॉक्टरांना न विचारता इन्सुलिन कायमचे बंद करू नका. त्याने दुसऱ्या बाजूचे मरण ओढवते.

शेवटी माझ्या शिक्षक-बंधुभगिनींना चार शब्द. वर्षाच्या सुरुवातीला पालकांना एकांतात विचारा: मुलाला मधुमेह, झटके, काही आहे का? उत्तर गुप्त राहील असा विश्वास द्या आणि तो पाळा. टेबलाच्या खणात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. मधुमेही मुलाला वर्गात, परीक्षेतसुद्धा, खायला, साखर मोजायला आणि पाणी प्यायला मोकळीक द्या; केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली आपल्या परीक्षांत खाण्यापिण्याची मुभा दिली आहे. साखर उतरलेल्या मुलाला एकटे घरी किंवा बाहेर पाठवू नका. आणि त्याला खेळातून वगळू नका. खाऊन खेळला की तोही सगळ्यांसारखाच खेळतो.

पालकांनाही हात जोडून सांगतो, आजार लपवू नका. लग्नाची काळजी मला समजते. पण लपवलेला आजार नेमका त्या माणसापासून लपतो, जो वेळेवर साखर देऊ शकला असता.

त्या दिवशी मी त्या मुलीला 'लिही' म्हटले खरे. पण तिची गेलेली वेळ तिला भरून द्यावी, हे मला सुचले नाही. तिने उरलेल्या वेळात पेपर पुरा केला. जाताना तिने टेबलावरची आपली पुडी मागितली आणि मी ती परत दिली. तेव्हापासून परीक्षेच्या दिवशी वर्गात शिरताना मी एक प्रश्न आधी विचारतो: "कुणाला काही जवळ ठेवायचे आहे का?" बहुतेक वेळा कुणी हात वर करत नाही. पण एखाद्या वर्षी एखादा हात वर होतो.